कलगी-तुऱ्याचा सवाल आणि टेबलावरचा फड

वर्तमानपत्रात दोन पुढारी एकमेकांवर घसरले की दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला असतो : 'दोघांत रंगला कलगी-तुरा'. वाचकहो, हा मथळा दिसला की त्या बातमीदाराला धरून आमच्या जुन्या गावच्या जत्रेत एक रात्र बसवावे, असे मला वाटते. खऱ्या कलगी-तुऱ्यात कोणी कोणाची अब्रू काढत नसे. रात्रभर एकमेकांना कोंडीत पकडणारे दोन शाहीर पहाटे एकाच किटलीतला चहा पिताना मी लहानपणी पाहिले आहेत. हरलेला जिंकणाऱ्याला विचारत होता, ''तो तिसरा सवाल कुठून काढलास रे?'' आणि जिंकलेला काही सांगत नव्हता, नुसता हसत होता. त्या हसण्याकडे मी पुढे परत येणार आहे, कारण आपले बरेच नुकसान त्यातच झाले.

यंदा या विषयाकडे मी वळलो तो मात्र शाहिरांमुळे नव्हे, नातवामुळे. दिवाळीत तो बंगळुरूहून कलबुर्गीला आला. सोबत तीन मित्र : एक विजयपूरकडचा कानडी, एक तेलुगू आणि एक आपलाच लातूरचा. फराळ झाल्यावर त्यांनी जेवणाचे टेबल मोकळे केले आणि त्यावर कागद, पेन्सिली आणि नाना आकारांचे फासे मांडले. चौकोनी फासे आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. त्यांच्याकडे वीस बाजूंचाही होता. नातू एकेक प्रसंग सांगायचा, बाकीचे आपापले पात्र काय करते ते सांगायचे, आणि नेम लागेल की चुकेल हे फासा ठरवायचा. थोडक्यात, पट नसलेल्या सोंगट्या, आणि सोंगटीच्या जागी माणूस.

कथेत ते एका किल्ल्याच्या दाराशी आले आणि खेळ थांबला. एकाला पहारेकऱ्यांशी लढायचे होते. दुसऱ्याला त्यांच्याशी गप्पा मारून आत शिरायचे होते. पहारेकऱ्याला बायको-मुले आहेत का, इथपर्यंत त्याने चौकशी चालवली होती. तिसरा पुस्तक उघडून सांगू लागला की नियमाप्रमाणे रात्री दार उघडताच येत नाही. बघता बघता वाद किल्ल्याचा राहिला नाही. हा खेळ मुळात कसा खेळावा, यावर गाडी आली, आणि अर्धा तास आवाज चढत गेला. मी म्हणालो, ''अरे, सणासुदीला भांडू नका.'' नातू म्हणाला, ''आबा, भांडत नाही. हे दर वेळी असतं. खेळाइतकंच हेही लागतं आम्हाला.''

हे वाक्य मी कुठेतरी ऐकले होते.

या खेळाची थोडी माहिती देतो, कारण आपल्या पिढीला ती नाही. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ छापला. त्यात शेवटी कोणी जिंकत नाही. गोष्ट पुढे जाते एवढेच. जिंकणे-हरणे नाही म्हटल्यावर 'चांगला खेळ कोणता' हा प्रश्न उघडाच राहिला, आणि खेळणाऱ्यांनी त्यावर लगेच वाद सुरू केला. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसला ली गोल्ड या बाईंनी 'अलारम्स अँड एक्स्कर्शन्स' नावाचे पत्रक काढले. जो तो आपली पाने लिहून पाठवायचा, बाई ती एकत्र बांधून सगळ्यांना टपालाने धाडायच्या, आणि पुढच्या अंकात ज्याने-त्याने दुसऱ्याच्या पानांना उत्तर द्यायचे. जवळजवळ पन्नास वर्षे हा उद्योग चालला. १९८० मध्ये ग्लेन ब्लॅको नावाच्या खेळाडूने 'डिफरंट वर्ल्ड्स' या मासिकात खेळणाऱ्यांचे चार स्वभाव मांडले : कोणी डावपेचासाठी येतो, कोणी पात्र जगायला येतो, कोणी गोष्टीसाठी, आणि कोणी आपले पात्र किती बलवान याची मिजास मिरवायला. माझ्या टेबलावरचे तिघे त्यात बरोबर बसले. (चौथ्याचा शोध मी घेतला नाही, तो माझ्याच घरातला निघाला असता.)

आता आपल्या फडाकडे या.

कलगी-तुऱ्यात दोन फड समोरासमोर बसतात. तुरेवाले शिवाच्या, म्हणजे पुरुषतत्त्वाच्या बाजूचे. कलगीवाले शक्तीच्या, म्हणजे प्रकृतीच्या. आपल्या कानडी शेजाऱ्यांत यांनाच हरदेशी आणि नागेशी म्हणतात : हरदेशी तुऱ्याचे, नागेशी कलगीचे. उत्तरेत या परंपरेचा उगम तुकनगीर गोसावी आणि शाहअली फकीर या दोघांकडे नेतात. चंदेरीच्या राजाने त्यांच्या गाण्यावर खूश होऊन एकाला शिरपेचातला तुरा आणि दुसऱ्याला कलगी दिली, अशी ती कथा आहे. खरी असो वा नसो, वादाची सुरुवात एका हिंदू आणि एका मुसलमान गवयाला एकाच दरबारी मिळालेल्या बक्षिसात आहे, हे मला फार आवडते.

डफ, तुणतुणे आणि झांज एवढेच साहित्य. आधी गण होतो, मग एक शाहीर लावणीतून सवाल टाकतो, आणि समोरच्याने त्याच चालीत जवाब द्यायचा. मागे झिलकरी 'जी जी' म्हणत झील ओढतात. कानडी फडात त्याच जागी 'गी गी' येते, म्हणून त्यांच्या गाण्याला गीगी पद हे नाव पडले. 'जी'ची 'गी' झाली की 'गी'ची 'जी', यावर आमच्या गावात स्वतंत्र कलगी-तुरा होई. सिनेमामुळे, विशेषतः १९६४ च्या 'सवाल माझा ऐका'मुळे, शहरातल्या लोकांना सवाल-जवाब म्हणजे तमाशाच्या बोर्डावरची झटापट वाटते. जत्रेतल्या भेदिक फडात नाच नसे, दिवा एक असे आणि ऐकणारे घोंगड्या पांघरून बसलेले असत.

वादाचा विषय वरवर एकच : शिव थोर की शक्ती थोर? तुरेवाला म्हणणार, बीज नसेल तर शेत काय पिकवणार. कलगीवाला म्हणणार, बीज मुठीत धरून बस वर्षभर, उगवते का बघू. तुरेवाला शिवाच्या स्थिरपणाचे गोडवे गाणार, तर कलगीवाला व्याकरण काढणार : 'शिव' या शब्दातली इकाराची वेलांटी काढा, मागे उरतो तो शव. यावर समोरून काय येते ते ऐकायला माणसे चार-चार कोस चालत येत.

पण वाचकहो, गंमत अशी की या प्रश्नाचे उत्तर मराठीत केव्हाच देऊन झाले होते. ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'च्या पहिल्याच प्रकरणात शिव आणि शक्ती यांत थोर-धाकटे असे काही ठेवलेलेच नाही. दोघे मिळून एक, असा तो विचार आहे. त्याच्या कितीतरी आधी सांख्यांनी पुरुष-प्रकृतीची जोडी पांगळ्या-आंधळ्याच्या जोडीसारखी सांगितली होती : एकाला चालता येत नाही, दुसऱ्याला दिसत नाही. पेशवाईतल्या आणि नंतरच्या शाहिरांना हे ठाऊक नव्हते असे नाही. त्यांतले कित्येक पहाटे अर्धनारीनटेश्वराच्या पदानेच फड उठवत. म्हणजे निकाल रात्री बसतानाच ठरलेला, तरी रात्रभर भांडायचे. तेव्हा ते भांडण निकालासाठी नव्हते, हे उघड आहे.

मग कशासाठी होते? याचे उत्तर मला एका मराठी शब्दात सापडले. नाटकात नट करतो तीही भूमिका, आणि वादात माणूस घेतो तीही भूमिका. शाहिराची बाजू ही या दोन्ही अर्थांनी भूमिका असे. तो तुऱ्याचा का, तर त्याचा गुरू तुऱ्याचा होता म्हणून. घरी तो देवीचा उपासक असला तरी फडावर शिवाचीच बाजू लढवणार. जातधर्माचाही संबंध नसे. लावणीतले मोठे नाव असलेला सगनभाऊ मुसलमान होता, आणि सीमेपलीकडच्या कानडी लावणीत हलसंगीच्या खाजाभाईचे नाव तितकेच मोठे. घेतलेली भूमिका माणूस जीव तोडून लढवतो. पण ती घेतलेली आहे हे त्याला आणि समोरच्यालाही माहीत असते, म्हणून पहाटेची किटली एक असते. पुढाऱ्यांच्या कलगी-तुऱ्यात हेच नसते. माझ्या टेबलावरच्या पोरांत ते होते. लढायचे म्हणणारा मुलगा प्रत्यक्षात झुरळाला भितो, असे नातवाने नंतर सांगितले.

शिव-शक्तीचा वाद फडावरचा झाला. रसिकांचा वाद वेगळा असे आणि तो दुसऱ्या दिवशी बाजारातल्या हॉटेलात रंगे. चांगला शाहीर कोण : पोथीवाला की हजरजबाबी?

पोथीवाला म्हणजे ज्याच्या गुरूकडे मोठे बाड आहे तो. शेकडो भेदिक लावण्या, पुराणांतली आडवळणाची नावे, देहाची कूटे. सवाल येताच त्याच्या मुखी जवाब तयार. नऊ दारांचा वाडा, मालक दिसत नाही, मालक गेला की वाडा पडतो, असे कोणी म्हटले तर तो ओळ पुरी होण्याआधी 'देह' म्हणून मोकळा होणार. हजरजबाब्याकडे बाड नाही, पण जीभ आहे. शास्त्रात नसलेला जवाब तो जागच्या जागी असा जुळवतो की लोक आधी हसतात आणि शास्त्राचा विचार नंतर करतात. पोथीवाल्यांच्या बाजूचे म्हणत, आधाराशिवाय जवाब म्हणजे फसवणूक. दुसरे म्हणत, पाठ केलेला जवाब म्हणजे शिळी भाकरी. हाच वाद मी दिवाळीत टेबलावर ऐकला : पुस्तक उघडणारा एकीकडे, गप्पा मारून दार उघडणारा दुसरीकडे.

इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या अमेरिकन खेळाचे एक मूळ जर्मनीतल्या लष्करी खेळात सापडते. १८२४ मध्ये राइसविट्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने नकाशावर खेळायच्या युद्धखेळाचे नियम छापले. त्यात कोणत्या तुकडीने किती मारले हे फासे आणि तक्ते ठरवत. पुढे नियम वाढतच गेले, आणि १८७६ मध्ये व्हेर्डी दु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने म्हटले की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल तो निकाल माना. तक्तेवाले आणि पंचवाले असे दोन तट पडले. बर्लिनचे सेनाधिकारी आणि आमच्या बाजारातले हॉटेल यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरी वाद तोच. नियम आणि प्रसंग जिथे एकत्र येतात तिथे तो निघतो, असे दिसते.

दोन्ही गुण एकाच अंगी असणारा शाहीर विरळा. सोलापूरचा राम जोशी तसा होता. ब्राह्मण घरातला, तमाशाच्या नादामुळे भावाने घराबाहेर काढलेला, मग पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकलेला, असे त्याच्याविषयी सांगतात. लावणीत संस्कृत आणि मराठी एकत्र गुंफण्याइतकी विद्या त्याच्याकडे होती, आणि फडावर उभे राहण्याची जीभही. पण एका राम जोशीच्या उदाहरणाने वाद मिटत नाही.

माझे मत विचाराल तर मी पोथीवाल्यांचा. हजरजबाब ज्या रात्री सुचतो त्या रात्रीपुरता जगतो. बाड पुढच्या माणसाच्या हाती जाते. निदान जायला हवे. इथेच मला त्या पहाटेच्या हसण्याची आठवण होते.

भेदिक फडाचा धंदा गुपितावर चालत असे. जवाब दुसऱ्या फडाला कळला तर सवालाची किंमत संपली, म्हणून बाड कोणाला दाखवायचे नाही, उतरवून द्यायचे नाही, शिष्यालाही बरीच वर्षे सेवा केल्यावरच. आमच्या वडिलांचे चुलते तुऱ्याच्या फडात झिलकरी होते. त्यांची दोन बाडे आमच्याकडे पत्र्याच्या पेटीत होती. एक वाळवीने खाल्ले. दुसरे मी या दिवाळीत त्या पोरांसाठी काढले, तेव्हा पन्नास वर्षांत पहिल्यांदा नीट वाचले, आणि लक्षात आले की त्यात नुसते सवाल आहेत. जवाबाच्या जागी आडवी रेघ. जवाब त्यांनी डोक्यात ठेवले होते. बाड चोरीला गेले तरी चोराच्या हाती निम्मेच लागावे म्हणून. चोर आला नाही. ते वारले.

लॉस एंजेलिसच्या त्या बाईंच्या पत्रकाची मला असूया वाटते ती यामुळे. वाद त्यांनीही घातला, पण सवाल छापला आणि त्याखाली जवाबही. आज त्या वादाचा इतिहास लिहिता येतो. जॉन पीटरसन यांनी २०२० मध्ये 'द इल्युझिव्ह शिफ्ट' या पुस्तकात तो लिहिलाही. आपल्या भागातल्या मराठी फडांचा लिहायचा तर कशावरून लिहिणार?

कोकणात शक्ती-तुरा अजून जिवंत आहे. चाकरमान्यांनी तो मुंबईच्या नाट्यगृहांत नेला. आपल्या बाजूला हरदेशी-नागेशीचे कानडी फड अजून जत्रांत बसतात, आणि नागेशीची बाजू गाणाऱ्या बायका तर आज त्यातल्या नामवंत आहेत. आपण मात्र १ नोव्हेंबर १९५६ नंतरचा हिशेब मांडत बसलो : उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण इकडे राहिले. तो हिशेब खोटा नाही. पण फडाची गोष्ट निराळी असते. समोर दुसरा फड नसेल तर पहिल्याला गाताच येत नाही, आणि तो समोरचा फड मराठीच असला पाहिजे असे जुन्या लोकांनी कधी म्हटले नव्हते. ज्या बसवकल्याणात बाराव्या शतकात अनुभवमंटपात अल्लमप्रभूंसमोर प्रश्नोत्तरे चालत, तिथे राहून आपण एवढे विसरावे, हे बरे नव्हे.

त्या रात्री पोरांनी किल्ला बाजूला ठेवला आणि आमचे बाड पुढे घेतले. नातू मोडी वाचू शकत नाही. मी वाचायचे, त्यांनी जवाब द्यायचा. नऊ दारांचा वाडा लातूरच्या मुलाने क्षणात सोडवला. दुसरा सवाल तुऱ्याचा होता आणि खोचक होता. माझ्या शब्दांत सांगतो : शिवातून इकार काढला की शव उरतो हे तुम्ही ऐकवता, मग शक्तीतून काय काढले की तीही उरत नाही? चौघांनी बरीच डोकेफोड केली. तेलुगू मुलगा म्हणाला, फासा टाकून ठरवू. पुस्तकवाल्याने त्याला गप्प केले.

तेव्हा विजयपूरच्या मुलाने आपल्या आजीला फोन लावला. रात्रीचे साडेदहा वाजले होते. त्याने कानडीत सवाल सांगितला. तिकडे थोडा वेळ शांतता, मग म्हातारीचा हसण्याचा आवाज, मग चार ओळींचे गाणे, शेवटी 'गी गी'सकट. तिच्या माहेरी नागेशीचा फड होता, हे नातवालाही तोवर माहीत नव्हते. तिचा जवाब असा : शक्तीतून काही काढायचे तर काढायला जोर लागेल, तो जोर कोणाचा?

आमच्या चुलतआजोबांनी रेघ मारून कोरी सोडलेली जागा मी तिथेच भरली, देवनागरीत, कानडी शब्दांसकट. हा जवाब पोथीतला की म्हातारीने तेव्हाच जुळवलेला, यावर टेबलावर पुन्हा अर्धा तास गेला. तिला विचारले तर ती सांगेना.

तिसरा सवाल अजून कोरा आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर पेट्या आहेत, आणि काहींच्या घरी ऐकून माहीत असलेली माणसे आहेत, म्हणून तो इथे देतो. विहिरीला तळ नाही, तरी ती एक दिवस कोरडी पडते. दोर एक, घागरी दोन; एक वर येते तेव्हा दुसरी खाली जाते, आणि दोन्ही कधी एकदम भरत नाहीत. दोर म्हणजे आयुष्य आणि घागरी म्हणजे श्वास-उच्छ्वास, इथपर्यंत आमची पोरे पोचली. सवालाचा शेवट मात्र असा आहे : पाणी ओढणारा म्हणावे, की ओढणारी? जवाब सापडला तर परिषदेच्या पत्त्यावर कळवावा. कानडीत असला तरी चालेल. फक्त लिहून पाठवावा.